दोन ग्रॅम जास्त

आमच्या नाशिकच्या सातपूरमधल्या घराच्या गॅलरीत एक जुनं लाकडी टेबल आहे. मुळात ते भावाच्या बारावीच्या अभ्यासासाठी घेतलेलं. त्याचा अभ्यास झाला, नोकरी लागली, तो पुण्याला गेला; टेबल राहिलं. आता त्याच्या कडेला एक छोटा व्हाइस बसवलाय. वर फेव्हिक्विकच्या ट्यूबा, ॲसिटोनची बाटली, मल्टिमीटर, चहाच्या जुन्या गाळणीत ठेवलेल्या स्प्रिंगा आणि चष्म्याच्या डबीत स्क्रू. हे स्क्रू इतके बारीक की एखादा खाली पडला तर सगळं घर रांगायला लागतं. आणि टेबलाच्या मधोमध एक पितळी वजन.

इथे फेन्सिंगच्या, म्हणजे तलवारबाजी या खेळाच्या, तलवारी दुरुस्त होतात. धुळ्याहून, जळगावहून, कधी नंदुरबारहून एसटीच्या पार्सलने येतात, मग सीबीएस बसस्थानकावर जाऊन सोडवून आणायच्या. पहिल्यांदा पार्सलवर 'तलवार, ४ नग' असं लिहून आलं होतं. खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, पार्सलकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून सगळ्यांना बजावून ठेवलंय, 'क्रीडा साहित्य' लिहा.

शाळांच्या कार्यक्रमांत मला बोलावतात तेव्हा निवेदक 'माजी राष्ट्रीय खेळाडू' अशी ओळख करून देतो. राष्ट्रीय हे तसं खरं आहे. मी एकदा राष्ट्रीय स्पर्धेला गेले होते, गटातले सामने खेळले, दुसऱ्या दिवशी प्रेक्षकांत बसले. माझी खरी कमाई म्हणजे राज्य स्पर्धेतलं सांघिक कांस्य. त्यातही चौथी, राखीव खेळाडू म्हणून. पण माझं भांडण 'राष्ट्रीय'शी नाही, 'माजी'शी आहे. तलवारीला रोज हात लागतो माझा. खेळत होते तेव्हा लागत नव्हता एवढा.

सुरुवात १९९८ सालची, मी आठवीत. शाळेत सर नवा खेळ घेऊन आले होते आणि त्यांना डावखुरी मुलगी हवी होती. आमच्या घरात माझा डावा हात हा आईच्या काळजीचा विषय. आरतीचं तबक, प्रसाद, पाहुण्यांना पाणी, सगळीकडे 'उजव्या हाताने गं!' आणि इथे एक माणूस म्हणत होता, डावखुरी आहेस ना, मग ये. उजव्या हाताने खेळणाऱ्यांना डावखुऱ्यांची सवय नसते, त्यांचे कोन चुकतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त एवढंच कळलं की आई चुकते आहे असं म्हणणारं कोणीतरी जगात आहे.

पहिल्या जिल्हा स्पर्धेत माझ्या गटात चार मुली होत्या. फेन्सिंगमध्ये उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींनाही कांस्य देण्याची पद्धत आहे. म्हणजे आल्या तेवढ्या चौघी पदक घेऊन घरी. मी ते आठवडाभर गळ्यातून काढलं नाही. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं, "किती जणींत तिसरी?" मी सांगितलं. अप्पा म्हणाले, "बरं." अप्पा कारखान्याच्या टूलरूमचे, जिथे हत्यारं-साचे बनतात. कोणताही आकडा ऐकला की तो कशाच्या तुलनेत, हे विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

महाराष्ट्रात तलवार हातात घेणं सोपं नाही, म्हणजे मनाने. आपण फेन्सिंगचा उच्चार करायचा अवकाश, समोरच्याला थेट रायगड दिसतो. बक्षीस समारंभाला आलेला एकही पाहुणा मी असा पाहिला नाही की ज्याने झाशीच्या राणीचं नाव घेतलं नाही. एका शिवजयंतीला गल्लीतल्या मंडळाने मला मिरवणुकीत तलवार फिरवायला बोलावलं. मी खूप समजावलं की माझी तलवार फिरवायची नसते, टोचायची असते; ते म्हणाले, "ताई, थोडं फिरवा ना, फोटोपुरतं." मर्दानी खेळ, दांडपट्टा ही फार मोठी विद्या आहे आणि ती मला येत नाही. माझा खेळ युरोपातल्या द्वंद्वयुद्धांतून आलेला. चौदा मीटर लांब आणि दीड-दोन मीटर रुंद पट्टी, तिच्यावर समोरासमोर दोघं आणि मागून वायर लावलेली, दावणीला बांधल्यासारखी.

शस्त्रं तीन. फॉईलमध्ये फक्त धडावर आणि फक्त टोकाने. सेबरमध्ये कमरेच्या वर, टोकाने किंवा धारेने. माझी ईपी. आमच्याकडे तिला कोणी इप्पी म्हणतं, कोणी एपी. तिच्यात डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळं शरीर निशाण्यावर. फॉईल आणि सेबरमध्ये हल्ल्याचा हक्क कोणाचा होता यावर पंच निर्णय देतात, खेळाडू हात पसरून पंचांकडे बघत राहतात. ईपीत तो वाद नाही. आधी लागलं त्याचा टच, म्हणजे गुण. सेकंदाच्या साधारण पंचविसाव्या भागाच्या आत दोघांचंही लागलं, तर दोघांनाही गुण. मला ते फार आवडायचं. टच झाल्याचं दाखवणारे दोन्ही दिवे एकदम लागतात आणि दोघीही बरोबर असतात.

बायकांची ईपी ऑलिंपिकमध्ये आली १९९६ साली, अटलांटात. मी सुरू केली त्याच्या जेमतेम दोन वर्षं आधी. बायकांचं सेबर तर २००४ पर्यंत नव्हतंच. सरांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, म्हणजे आपण फार उशिरा नाही आलो.

आईची काळजी वेगळी होती. लागत नाही ना? तिला मी नाही म्हणून सांगायचे आणि दंडावरचे निळे डाग युनिफॉर्मच्या बाहीखाली लपवायचे. १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत व्लादिमिर स्मिर्नोव्ह या सोव्हिएत खेळाडूच्या मास्कमधून प्रतिस्पर्ध्याचं तुटलेलं पातं आत गेलं आणि काही दिवसांनी तो वारला. दोनच वर्षांपूर्वी मॉस्कोला फॉईलचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला माणूस. त्यानंतर मास्क, जॅकेट, पात्याचं पोलाद, सगळ्याचे नियम कडक झाले. मोठ्या स्पर्धांसाठी मारेजिंग नावाच्या चिवट पोलादाचं पातं आलं. ही गोष्ट मी आईला कधीच सांगितली नाही. अप्पांना सांगितली. अप्पांनी तासभर फक्त त्या पोलादाबद्दल विचारलं. निकेल किती, कार्बन किती, भेग कशी वाढते. त्यातलं मला काही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या कोणा साहेबाला विचारून आले आणि मलाच समजावलं.

माझी पहिली ईपी जुनी, कोणाकडून तरी घेतलेली, वायर तुटलेली. ईपीच्या पात्याला लांबभर एक खाच असते, तिच्यात दोन बारीक वायरी चिकटवलेल्या. टोकाशी एक बटण. ते दाबलं गेलं की सर्किट जुळतं आणि दिवा लागतो. फॉईलचं उलटं, तिथे टोक दाबलं की सर्किट तुटतं. अप्पांनी रविवारी पातं जरा वाकवून दोरीने बांधलं, जुना गोंद ब्लेडने खरवडला आणि नवी वायर खाचेत बसवली. तीन तास लागले. दिवा लागला तेव्हा आईसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी विचारलं, "याचं इन्स्पेक्शन कसं करतात?"

मी म्हटलं, करतात काहीतरी. आम्ही खेळणारी मुलं. सामान तपासणाऱ्या टेबलापुढे रांगेत उभं राहायचं, शिक्का मिळाला की पळायचं. टेबलामागे कोण बसलंय हेसुद्धा मी कधी पाहिलं नाही.

ते पाहायला लागले ते लाल कार्डानंतर. ईपीचं टोक दाबून वर ७५० ग्रॅमचं वजन ठेवतात. स्प्रिंगने ते वजन उचलून धरलं पाहिजे, दिवा विझला पाहिजे. गंमत म्हणजे अख्ख्या ईपीचं वजन जास्तीत जास्त ७७० ग्रॅम चालतं. म्हणजे टोकातल्या त्या इवल्या स्प्रिंगमध्ये जवळजवळ सगळी तलवार पेलण्याची ताकद हवी. स्प्रिंग थकली की टोक नुसत्या स्पर्शाने दिवा लावतं, आणि ते फुकटचं झालं. ही तपासणी पंच प्रत्येक बाउटच्या, म्हणजे लढतीच्या, आधी पट्टीवरही करतात. एका राज्य स्पर्धेत माझ्या ईपीने वजन उचललं नाही. पिवळं कार्ड. दुसरी काढली, ती मैत्रिणीकडून आणलेली, तिनेही मान टाकली. लाल कार्ड, समोरचीला एक टच. ती बाउट मी ४-५ अशी हरले. दोष कोणाचाच नव्हता. पावसाळाभर दोन्ही तलवारी ओल्या बॅगेत पडून होत्या आणि मी एकदाही टोक उघडून पाहिलं नव्हतं.

घरी येऊन रडले. अप्पांनी रडू दिलं आणि मग विचारलं, "किती ग्रॅम?"

आठवड्याने ते वजन आलं. भंगारातल्या पितळी बारचा तुकडा घेऊन, सुट्टीनंतर थांबून, साहेबांची परवानगी काढून त्यांनी लेथवर ते कातलं होतं. मध्ये ईपीचं टोक जाईल एवढं भोक. वर ठशाने ठोकून लिहिलं होतं '७५०', त्यातला पाच जरा तिरका. पण कंपनीच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. आम्ही स्कूटरवरून सराफ बाजारात गेलो. अप्पांच्या ओळखीच्या पेढीवर चांदी तोलायच्या काट्यावर वजन ठेवलं. सराफ हसत म्हणाले, "पितळ आहे हो, सोनं नाही." काट्यावर आकडा आला ७५२.

मी म्हटलं, "अप्पा, दोन ग्रॅम जास्त झालं. घासून कमी करा ना."

"जास्त आहे ना? कमी नाही ना? मग राहू दे. याच्यावर पास झाली तर कुठेही पास होईल."

२००७ ला मी खेळणं थांबवलं. ठरवून नाही. त्या वर्षी स्पर्धेला नाव द्यायची तारीख निघून गेली आणि मला दोन दिवसांनी आठवलं.

मग नोकरी. सरकारी भरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के राखीव जागा असतात आणि खेळाडूच्या घरात हे पाच टक्के फार मोठे दिसतात. आमच्याकडे तर माझ्या लग्नाच्या बोलण्यातही ते आले होते. प्रमाणपत्र पडताळणीला गेलं, परत आलं. माझ्या नावातली वेलांटी चुकली होती. दुरुस्त करून पाठवलं. तोवर एक जाहिरात गेली, मग दुसरी गेली, मग माझी हौस गेली. त्यावर याहून जास्त लिहीत नाही. ज्यांनी या खिडक्या पाहिल्यात त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी नाही पाहिल्या त्यांचं रक्त मी का आटवू.

अंबडला एका छोट्या कारखान्यात क्वालिटीत लागले. गाड्यांचे बारीक भाग यायचे, ते तपासायचे. पहिल्याच दिवशी सुपरवायझरने हातात गो-नो गो गेज दिला. एक बाजू भोकात गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. दोन्ही गेल्या तर रिजेक्ट, दोन्ही नाही गेल्या तर रिजेक्ट. मी थबकले. ईपीच्या टोकाखाली दोन पट्ट्या घालून बघतात, एक दीड मिलिमीटरची, एक अर्ध्या मिलिमीटरची. दीडची आत बसली पाहिजे. अर्ध्याची आत ठेवून टोक दाबलं तर दिवा लागता कामा नये. मी नऊ वर्षं ज्या टेबलासमोर रांगेत उभी होते, त्या टेबलामागे आता बसले होते आणि पगार मिळत होता. अप्पांना रात्री सांगितलं तर ते नुसतेच म्हणाले, "हाच तर खेळ आहे." त्यांचं आयुष्य त्याच खेळात गेलं होतं आणि त्यांना एकाही समारंभाला बोलावलं नव्हतं, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं.

तिथे आठ वर्षं काढली. मग कारखाना बंद झाला. पुढे जावेबरोबर पोळीभाजी केंद्र. पोळ्या गोल येत होत्या, हिशेब गोल येत नव्हता, दीड वर्षात आटोपलं. मधे पंचांची परीक्षाही देऊन पाहिली. ईपीत बरी होते, पण फॉईलमध्ये कोणाचा हल्ला आधी यावर मी इतका विचार करायचे की खेळाडू जांभया द्यायचे.

२६ जुलै २०२१, सोमवार. टोकियोत सी. ए. भवानी देवी. ऑलिंपिकमध्ये फेन्सिंग खेळणारी पहिली भारतीय, चेन्नईची. सकाळी लवकर मी, मुलगा आणि अप्पा टीव्हीपुढे. ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझीविरुद्ध १५-३. इतकं झटपट की अप्पांचा चहा व्हायच्या आत संपलं. पुढची बाउट फ्रान्सच्या मानों ब्रुनेशी, ती ७-१५ अशी गेली. तिने नंतर समाजमाध्यमावर हरल्याबद्दल देशाची माफी मागितली, ते वाचून मला राग आला. तिचा नाही, ज्या जगात तिला तसं वाटलं त्याचा. तिचं सेबर, माझी ईपी. तरी त्या सकाळी डाव्या मनगटात कुठेतरी काहीतरी हललं, हे खोटं नाही.

त्यानंतर फोन सुरू झाले. मुलीला तलवारबाजी शिकवायची आहे, तुम्ही शिकवता ना? मी शिकवायला गेले. आणि तीन महिन्यांत कळलं की मी वाईट प्रशिक्षक आहे. मुलं लंजला, म्हणजे पुढे झेप घेताना, गुडघा चुकवतात, पुन्हा चुकवतात, शंभर वेळा चुकवतात आणि शंभराव्या वेळीही पहिल्या वेळच्या आवाजात सांगावं लागतं. माझा आवाज सातव्या वेळी चढायचा. एका आईने फार सभ्यपणे येणं बंद केलं. पण त्याच मुलांच्या तलवारींचे दिवे लागत नसायचे. त्या मी घरी घेऊन यायचे आणि रात्री गॅलरीत बसायचे, तेव्हा मात्र पहाट कधी व्हायची कळायचं नाही. तुटलेल्या वायरीवर मी कधी ओरडले नाही.

लोक विचारतात, मग त्या खेळाचा उपयोग काय झाला? याचं एक तयार उत्तर असतं, शिस्त, आत्मविश्वास, एकाग्रता. मीही कार्यक्रमांत तेच बोलते, कारण हार घातलेला असतो. खरं सांगायचं तर खेळाने मला आत्मविश्वास वगैरे काही दिला नाही. बाउटच्या आधी मला शेवटपर्यंत मळमळायचं. खेळाने मला एक टेबल दाखवलं. मी त्याच्या चुकीच्या बाजूला उभी होते, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात पंचवटीला, हिरावाडीच्या विभागीय क्रीडा संकुलात शालेय मुलांच्या स्पर्धा होत्या, आणि मी शस्त्र तपासणीला. बाहेर थंडी, आत शंभर मुलांचा घामट उबारा. तपासणीचं अधिकृत वजन टेबलावर होतं, अप्पांचं माझ्या पिशवीत. ते मी सोबत ठेवते, वापरत नाही. दुपारी चौदा-पंधराची एक मुलगी आली, केसांना घट्ट दोन वेण्या, ईपी दोन्ही हातांनी धरलेली. दीडची पट्टी गेली. अर्ध्याचीही बरोबर. वजन ठेवलं. टोक क्षणभर अडखळलं, मग उचललं गेलं आणि दिवा विझला. पास.

मी मार्किंगचा पेन उचलला आणि खाली ठेवला. पिशवीतून अप्पांचं वजन काढलं, टोकावर ठेवलं. दिवा लागला तो लागलाच.

"मॅडम, पण मघाशी पास झाली होती ना?"

"झाली होती."

"मग?"

"दुसरी आहे का तुझ्याकडे?"

ती काही बोलली नाही. मागे उभ्या असलेल्या एका मुलीकडे तिने चोरून पाहिलं. मला ते बघणं ओळखीचं होतं.

"पाच मिनिटं थांब," म्हटलं. दोन्ही स्क्रू काढले, तळहातावर झेलले. जुनी स्प्रिंग मऊ पडली होती, वाकून एका अंगाला झुकलेली. नवी घातली. पट्ट्या पुन्हा, अधिकृत वजन पुन्हा. आणि मग ते दुसरं, तिरक्या पाचाचं. टोकाने ते असं झटक्यात वर फेकलं की मुलगी हसली. पेनने खूण केली. ती पळत गेली, मागे वळून पाहिलं नाही. तिची बाउट कशी झाली ते मला माहीत नाही. रांग मोठी होती.

रात्री घरी आले तर अप्पा जागे होते. आता ऐंशीच्या पलीकडे गेलेत, हात थरथरतो, लेथसमोर उभं राहणं कधीच संपलं. पण प्रश्न तोच.

"किती तपासल्या?"

"दीडशेच्या आसपास."

"रिजेक्ट किती?"

"एकही नाही, अप्पा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"मग दिवसभर तिथे बसून केलंस काय?"